गाडीखालचा काळा डाग : इंजिन ऑइलची गळती घरच्या घरी शोधणे आणि थांबवणे



"साब, आपका गाडी फिर तेल गिराया है." आठ-दहा वर्षं जुनी गाडी असलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी बिल्डिंगच्या नातूरकडून हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं आहे. बेसमेंटच्या फरशीवर दिसणारा तो बशीएवढा काळा डाग. आपण खाली वाकून बघतो, काही कळत नाही, मग "बघू पुढच्या महिन्यात" म्हणून ऑफिसला निघून जातो. मुल्कियाच्या नूतनीकरणाची तारीख जवळ आली, की मात्र धावपळ सुरू होते. तीन वर्षांपेक्षा जुन्या गाडीला दर वर्षी तपासणी करून घ्यावी लागते, आणि खड्ड्यात उभा राहून खालून टॉर्च मारणाऱ्या माणसाला ठिबकणारं तेल बरोबर दिसतं.

आम्ही मंडळातले चार-पाच जण पूर्वी शुक्रवारी आणि २०२२ साली साप्ताहिक सुट्टी बदलल्यापासून शनिवारी सकाळी एका मित्राच्या व्हिलाच्या आवारात जमून आपापल्या गाड्यांची छोटी-मोठी कामं करतो. आमच्यात एकही मेकॅनिक नाही. एक बँकेत, एक साइटवर, दोघे हिशेबात. हात काळे करायची हौस तेवढी आहे. जेवणाच्या कार्यक्रमांत आम्हाला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न तेलाच्या गळतीचा असतो, म्हणून हा लेख. उदाहरणं जास्त करून टोयोटा कोरोलाची आहेत, कारण आमच्यातल्या तिघांकडे तीच होती. पण सनी, सिव्हिक, लान्सर असल्या कुठल्याही साध्या पेट्रोल गाडीला यातलं बरंचसं लागू आहे.

आम्ही हे गंभीरपणे का घेतो

खरं सांगायचं तर आमची सुरुवात फजितीतून झाली. आमच्यातल्या एकाच्या कोरोलाखाली रोज थोडं तेल पडायचं. "थोडंच तर आहे" म्हणत दोन महिने गेले, डिपस्टिक कोणी काढून पाहिली नाही. ऑगस्टमधल्या एका सुट्टीत मुलाबाळांसह फुजैराहून परत येताना, मसाफी सोडून धैदच्या दिशेला लागल्यावर डॅशबोर्डवरचा लाल तेलाचा दिवा आधी वळणावर लुकलुकला आणि मग पेटूनच राहिला. बाहेर पंचेचाळीस अंश, गाडीत लहान मुलं, थांबायला सावली नाही. "धैद आलंच, तिथे पंपावर बघू" असं ठरवून गाडी तशीच दामटली. धैद यायच्या आत इंजिनातून लोखंडावर हातोडी मारल्यासारखा आवाज यायला लागला. बेअरिंग गेलं होतं. इंजिन बदलावं लागलं, आणि मुलं रस्त्याच्या कडेला रिकव्हरी व्हॅनची वाट बघत तापली ते वेगळंच.

मुळात बदलायची होती ती एक रबरी पॅकिंग. म्हणून पहिली गोष्ट पाठ करून ठेवा. तो लाल दिवा तेलाची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. तो पेटला याचा अर्थ फिरणाऱ्या भागांमध्ये तेल पोचत नाहीये. "तेल कमी झालं, भरू सावकाश" असा त्याचा अर्थ कधीही नसतो. सुरक्षित जागा बघून गाडी कडेला घ्या आणि इंजिन लगेच बंद करा. एसीसाठीसुद्धा चालू ठेवू नका. उन्हाळ्यात लांब जाताना गाडीत पाण्याच्या बाटल्या, छत्री आणि एक लिटर तेलाचा डबा असतोच असतो, हा आमच्याकडचा नियम त्या दिवसापासूनचा आहे.

दुसरा धोका आगीचा. वरच्या बाजूने गळणारं तेल सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर पडलं, तर आधी जळका वास येतो, मग सिग्नलला थांबल्यावर बॉनेटच्या फटीतून धूर दिसतो. वास येतोय पण खाली डाग नाही अशी गाडी आम्ही जास्त धोक्याची समजतो, कारण तेल जमिनीपर्यंत पोचायच्या आधीच जळत असतं. ती आधी दुरुस्त करा आणि तोवर चालवू नका. गाडीत पावडरचा लहान अग्निशामक ठेवाच.

आधी, हे इंजिन ऑइलच आहे ना?

हसू नका. आमच्याकडे "तेल गळतंय" म्हणून आलेल्या गाड्यांपैकी कितीतरी निव्वळ एसीचं पाणी टाकत होत्या! इथल्या दमट उन्हाळ्यात, विशेषतः समुद्राजवळ, एसीच्या नळीतून गाडीखाली चांगलं ओंजळभर पाणी साठतं. ते जुन्या डागावर पडलं की काळं दिसतं.

रात्री गाडीखाली एक मोठा पांढरा पुठ्ठा सरकवा. फ्रिजच्या खोक्याचा असला तर उत्तम. त्यावर पुढच्या चाकांच्या जागा पेनने खुणा करून ठेवा म्हणजे थेंब कुठल्या बाजूला पडला ते सकाळी कळेल. पाण्याचा डाग वाळून जातो. इंजिन ऑइल तपकिरी ते काळं असतं, बोटांत घोळवलं तर गुळगुळीत लागतं आणि पुठ्ठ्यावर पसरत जातं. गिअरबॉक्सचं (ऑटोमॅटिक) आणि बऱ्याच गाड्यांत पॉवर स्टीअरिंगचं तेल लालसर असतं. रेडिएटरचं कूलंट हिरवं, गुलाबी किंवा लाल असतं, हाताला चिकट-पाणचट लागतं आणि वाळल्यावर कडेला रंगीत साका राहतो. चाकाच्या आतल्या बाजूला फिक्या पिवळ्या रंगाचा, पातळ, निसरडा ओघळ दिसला तर तो ब्रेकचा असू शकतो. तिथे पुढे वाचत बसू नका, गाडी हलवू नका, मेकॅनिकला बोलवा.

किती गळतंय?

फरशीवरचा डाग फसवा असतो. एक चमचा तेल गुळगुळीत फरशीवर भयंकर मोठं दिसतं, आणि धावताना हवेने उडून जाणारं तेल डागात मोजलंच जात नाही. म्हणून डागावर न जाता डिपस्टिकवर जा. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, काडी काढून पुसा, पुन्हा पूर्ण घालून काढा आणि वाचा. बहुतेक लहान गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण एक लिटरचा फरक असतो. दर आठवड्याला एकाच दिवशी बघून किलोमीटरसह वहीत लिहून ठेवा. मोबाइलमध्ये लिहिलेलं सापडत नाही असा आमचा अनुभव, पण ज्याची त्याची आवड.

पातळी खाली जातेय पण पुठ्ठा कोरडा आणि इंजिन बाहेरून स्वच्छ, असं असेल तर तेल गळत नसून जळत असेल. २००० नंतरच्या कोरोलांमध्ये आलेलं १.८ लिटरचं वन-झेडझेड-एफई इंजिन सुरुवातीच्या वर्षांत यासाठी प्रसिद्ध होतं. पिस्टनच्या तेल खरवडणाऱ्या रिंगा जाम व्हायच्या आणि एक्झॉस्टमधून निळसर धूर यायचा. पॅकिंग बदलून तो आजार जात नाही. त्या इंजिनात एकूण तेल मावतं ३.७ लिटर. यातलं दीड-दोन लिटर हळूहळू कमी झालं तर काय होईल, हे वर सांगितलंच आहे.

गळती नेमकी कुठून?

हौशी माणूस इथेच चुकतो आणि कधीकधी गॅरेजवालाही. तेल वरून खाली वाहतं आणि धावत्या गाडीच्या हवेने मागे ढकललं जातं. त्यामुळे थेंब जिथून पडतो ती जागा गळतीची असेलच असं नाही. बऱ्याचदा नसतेच.

आमच्यातल्या एका वहिनींच्या गाडीला इंडस्ट्रियल एरियातल्या एका गॅरेजने "मागचं क्रँक सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल" असं सांगून मोठा आकडा दिला होता. थेंब खरोखरच इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरून पडत होता. पण वहिनींनी विचारलेला प्रश्न आमच्यापैकी कोणाला सुचला नव्हता. "अहो भाऊजी, सील खाली आहे ना, मग वरपर्यंत सगळं ओलं कसं?" इंजिन धुऊन पाहिलं तर टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून निघालेलं तेल ब्लॉकच्या पाठीवरून ओघळत थेट त्या जोडावर येत होतं. गिअरबॉक्सला हातही लावावा लागला नाही.

तर पद्धत अशी. थंड इंजिनावर डिग्रीझर मारा, ब्रशने घासा आणि पुसून घ्या. धुवायचंच असेल तर हलक्या धारेने, आणि अल्टरनेटर, कॉइल, वायरचे जोड प्लास्टिकच्या पिशव्यांनी झाकून. प्रेशर पंपाची धार बॉनेटखाली नको. नीट वाळल्यावर संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर भुरभुरवा. मग वीस-तीस किलोमीटर फिरून या आणि टॉर्च घेऊन सगळ्यात वरची ओली जागा शोधा. पावडरीवर तेलाची रेघ स्पष्ट उमटते. गळती अगदी बारीक असेल तर तेलात घालायचा चमकणारा रंग आणि निळा टॉर्च मिळतो, पण आम्हाला तो दोनदाच लागला.

नेहमीचे संशयित वरून खाली असे : टॅपेट कव्हरची पॅकिंग, तेल भरायच्या झाकणाचं रबर, टायमिंग कव्हर, ऑइल प्रेशर स्विच, ऑइल फिल्टर, चेंबरची कड आणि ड्रेनचा बोल्ट. वर उल्लेख केलेल्या कोरोला इंजिनात आणखी एक ठरलेली जागा आहे. टायमिंग चेनच्या बाजूला बाहेरून दोन नटांनी बसवलेला चेन टेन्शनर असतो, त्याचं गोल रबर कडक होऊन झिरपतं. रबर अगदी स्वस्त आणि दिसायला काम सोपं. पण टेन्शनर काढल्यावर त्याची दांडी बाहेर उडी मारते. ती आत दाबून, अडकवून, पुस्तकातल्या क्रमानेच बसवावी लागते आणि मधल्या काळात इंजिन फिरलं तर चेनचा दात सुटू शकतो. पहिल्यांदाच पाना हातात घेणाऱ्याने हे काम करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

या देशात रबर लवकर मरतं, हेही लक्षात असू द्या. किलोमीटर कमी असले तरी बॉनेटखालची उष्णता वर्षानुवर्षं पॅकिंग भाजत असते. काढलेली जुनी पॅकिंग बऱ्याचदा रबराऐवजी प्लास्टिकची वाटते. वाकवली की कटकन मोडते.

सोपी कामं : ड्रेनचा बोल्ट आणि फिल्टर

तेल बदलल्यानंतर लगेच गळती सुरू झाली असेल तर आधी ही दोन ठिकाणं बघा. ड्रेनच्या बोल्टखालचा वॉशर एकदा दाबला गेला की पुन्हा नीट बसत नाही, म्हणून दर वेळी नवा लावायचा. कोरोलाच्या ड्रेन बोल्टला १४ चा पाना लागतो आणि कसायचं प्रमाण ३७ न्यूटन-मीटर. बऱ्याच होंडांना १७ चा पाना आणि साधारण ४० न्यूटन-मीटर. "गळतंय म्हणून आणखी आवळ" या नादात बोल्टचे आटे जातात, आणि चेंबर अॅल्युमिनियमचं असेल तर काम एका वॉशरवरून थेट नव्या चेंबरवर जातं. आवळून गळती थांबली नाही तर हात आवरा, वॉशर बदला.

फिल्टरच्या बाबतीत एकच गंमत सांगतो. जुना फिल्टर काढताना त्याची रबरी रिंग कधीकधी इंजिनालाच चिकटून राहते. त्यावर नवा फिल्टर लावला की दोन रिंगा एकमेकींवर बसतात आणि इंजिन चालू होताच तेलाची पिचकारी उडते. जुन्या फिल्टरवर रिंग आहे का हे डोळ्यांनी बघा. नव्या रिंगेला बोटाने थोडं तेल लावा, फिल्टर हाताने टेकेपर्यंत फिरवा आणि मग साधारण पाऊण फेरा. पान्याने आवळू नका.

ऑइल प्रेशर स्विच एका वायरचा, बहुतेक वेळा फिल्टरच्या आसपास असतो. वायरचा प्लग काढून पाहिल्यावर आत तेल दिसलं तर स्विच गेला. काम बदलण्याचं, दुरुस्तीचं नाही.

टॅपेट कव्हरची पॅकिंग बदलणे

आमच्या अनुभवात घरी करण्यासारखं सगळ्यात उपयोगाचं काम हेच. चार सिलिंडरच्या साध्या इंजिनावर गाडी उचलावीसुद्धा लागत नाही. पहिल्यांदा करणाऱ्याने अख्खी सकाळ हाताशी ठेवावी.

आधी सामान. मुल्कियावरचा चेसिस नंबर घेऊन काउंटरवर जा. नुसतं "कोरोला, अमुक साल" म्हणून घेतलेली पॅकिंग आम्ही दोनदा परत केली आहे. टोयोटाचा अस्सल माल अल-फुतैमच्या काउंटरवर मिळतो, निस्सानसाठी दुबई आणि उत्तरेकडच्या अमिरातींत अरेबियन ऑटोमोबाइल्स. देऱ्यातल्या आणि शारजाच्या स्पेअर पार्टच्या गल्ल्यांत स्वस्त पर्याय भरपूर आहेत, काही चांगलेही असतात. पण इथे नकली मालही हुबेहूब डब्यात मिळतो. पॅकिंगसारख्या वस्तूवर पन्नास-शंभर दिरहॅम वाचवण्यात अर्थ नाही, कारण ती फसली तर सगळी मेहनत पुन्हा. पॅकिंगबरोबर स्पार्क प्लगच्या नळ्यांभोवतीची रबरंही विचारून घ्या. काही गाड्यांत ती वेगळी मिळतात. इंजिनासाठीची तेल सोसणारी सिलिकॉनची छोटी ट्यूब, ब्रेक क्लीनरचा स्प्रे, धागे न सुटणारी फडकी आणि १० चा बॉक्स पाना एवढं लागेल. हत्यारांसाठी ड्रॅगन मार्टात गेलात तर अर्धा दिवस जातो, पण टॉर्क पाना तिथे परवडणाऱ्या किमतीत मिळतो. तो घ्याच.

जागा स्वतःची हवी. बेसमेंटमध्ये किंवा रस्त्याच्या कडेला गाडी उघडून बसू नका. बिल्डिंगचे नियम आणि पालिकेचा दंड दोन्हींची भीती आहे. वारा सुटलेला असेल तर काम सरळ पुढे ढकला. उघड्या इंजिनात गेलेली वाळू थेट कॅमशाफ्टच्या बेअरिंगवर जाते. उन्हाळ्यात आम्ही पहाटे सुरू करतो. १५ जून ते १५ सप्टेंबर उघड्यावरच्या कामगारांना साडेबारा ते तीन सक्तीची सुट्टी असते. तो नियम आम्ही स्वतःलाही लावून घेतलाय, फक्त आमची सुट्टी अकरालाच सुरू होते!

इंजिन रात्रभर थंड झालेलं असावं. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. एकही बोल्ट सोडवायच्या आधी मोबाइलवर सगळीकडून फोटो काढून ठेवा, बसवताना ते लाखमोलाचे ठरतात. वरचं प्लास्टिकचं झाकण काढा. मग कॉइल. प्रत्येक कॉइलला एक बोल्ट आणि एक प्लग असतो, आणि जुन्या प्लगच्या खिट्ट्या उष्णतेने ठिसूळ झालेल्या असतात, म्हणून हळू. कॉइलवर १ ते ४ आकडे लिहा. प्लगच्या विहिरीत तेल साठलेलं दिसलं तर ते फडक्याने टिपून घ्या. गाडी अधूनमधून थरथरत असेल तर त्याचंही कारण बहुतेक हेच.

नळ्या काढल्यावर कव्हरच्या कडेचे बोल्ट आणि नट थोडे थोडे करत, सगळीकडून सारखे सैल करा. जिथून काढला तिथलाच बोल्ट परत जावा म्हणून आम्ही एका पुठ्ठ्यावर कव्हरचं चित्र काढून त्यात बोल्ट खोचून ठेवतो. कव्हर चिकटलेलं असणारच. लाकडाच्या तुकड्यावरून हलके टोले द्या. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, कारण अॅल्युमिनियमवर पडलेला एक ओरखडा ही नवी गळती असते. कव्हर निघाल्याबरोबर उघड्या भागावर स्वच्छ फडकं पसरा.

आता सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम, सफाई. कव्हरच्या खाचेतली जुनी पॅकिंग आणि हेडच्या कडेवरचे सिलिकॉनचे जुने तुकडे प्लास्टिकच्या पट्टीने काढा. पॉलिश पेपर नको, त्याची पूड आत जाते. ब्रेक क्लीनर फडक्यावर मारून कड पुसा, इंजिनात फवारू नका. कड बोटाला कोरडी लागली पाहिजे. आमची पहिली पॅकिंग महिनाभरात पुन्हा झिरपायला लागली ती फक्त इथे घाई केल्यामुळे.

नवी पॅकिंग कव्हरच्या खाचेत दाबून बसवा. ती कोरडीच लावायची. रबरी पॅकिंगला सगळीकडून सिलिकॉन थापणं ही आपल्याकडची जुनी सवय, पण त्याने ती घसरते आणि आत सुटलेले तुकडे तेलाच्या जाळीत जाऊन अडकतात. सिलिकॉन लागतं ते फक्त टायमिंग कव्हर आणि हेड जिथे एकमेकांना भेटतात त्या दोन कोपऱ्यांवर, वाटाण्याएवढं. ते लावल्यावर दोन-तीन मिनिटांत कव्हर सरळ खाली ठेवा.

बोल्ट आधी सगळे बोटांनी, मग मधून सुरू करून बाहेरच्या दिशेने दोन-तीन फेऱ्यांत. प्रमाण साधारण ९ ते ११ न्यूटन-मीटर, तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या दुरुस्तीच्या पुस्तकात बघा. ११ न्यूटन-मीटर म्हणजे किती? वीतभर, वीसेक सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला पाच किलोची तांदळाची पिशवी टांगली तर जेवढा जोर येईल, त्याहून जेमतेम जास्त. म्हणजे अगदीच कमी! टॉर्क पाना नसलेला माणूस हमखास याच्या दुप्पट आवळतो आणि बोल्ट तरी तुटतो, नाहीतर कव्हर वाकतं. सिलिकॉनच्या ट्यूबवर वाळायचा जो वेळ लिहिलेला असेल तेवढा पाळा, तोवर इंजिन चालू करू नका.

कव्हर हातात आहे तेव्हाच त्यावरचा पीसीव्ही व्हॉल्व्ह बघून घ्या. इंजिनाच्या पोटात साठणारा वायू परत जाळायला नेणारी ही छोटीशी खिडकी. ती काजळीने तुंबली की आतला दाब वाढतो आणि तेल जिथे कमकुवत रबर असेल तिथून बाहेर ढकललं जातं. मग तुम्ही कितीही पॅकिंग बदला. व्हॉल्व्ह कानाजवळ हलवल्यावर खुळखुळला पाहिजे, आणि नळी लावून फुंकल्यावर हवा एकाच दिशेने सहज गेली पाहिजे. शंका असेल तर नवा लावा, महाग नसतो.

घट्ट तेल आणि जादूची बाटली

"वीस-पन्नास घाल, गळती थांबते" हा सल्ला इथे प्रत्येक ओळखीतल्या काकांनी दिलेला असतो. गावाकडे विहिरीवरच्या किर्लोस्कर इंजिनाला तो चालून जायचा. ५डब्ल्यू-३० साठी बनवलेल्या इंजिनात मात्र तेलाचे मार्ग बारीक असतात आणि जाड तेल गाडी सुरू करताना उशिरा पोचतं. तुमच्या गाडीच्या पुस्तकात उष्ण हवामानासाठी जे ग्रेड दिलेत त्यातलं जाड निवडायला हरकत नाही. त्याबाहेर जाऊ नका. गळती थांबवणाऱ्या बाटल्या रबर फुगवून काम करतात. कडक झालेल्या सीलला त्या काही महिने तारून नेतात, फाटलेल्या पॅकिंगला नाही. गाडी विकायच्या आधी लोक त्या का घालतात, ते जुनी गाडी घेणाऱ्यांनी ओळखावं.

काय घरी करू नये

मागचं क्रँक सील, टायमिंग कव्हर, हेड गॅसकेट ही कामं गॅरेजची. मॅन्युअल गाडीचं मागचं सील झिरपत असेल तर क्लचचं काम निघेल तेव्हाच ते करून घ्या, कारण गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी एकदाच पडते. अल कूझ असो, शारजा असो की मुसाफा, आकडा विचारण्याआधी "गळती कुठे आहे ते दाखवा" म्हणा आणि जुना भाग परत मागा. चांगला मेकॅनिक याचा राग मानत नाही.

गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर कधीही नाही. दोन स्टँड, चाकांना अडण्या, हँडब्रेक. उन्हाने डांबर मऊ पडतं आणि स्टँड त्यात रुततात, म्हणून खाली जाड प्लायवूडचे तुकडे ठेवा. एकट्याने तर मुळीच करू नका, हाकेच्या अंतरावर कोणीतरी हवं. हातमोजेही घाला, वापरलेलं तेल कातडीला चांगलं नसतं.

काढलेलं तेल

गटारात, वाळूत किंवा बिल्डिंगच्या कचऱ्यात नाही. १९९९ च्या संघीय कायदा क्र. २४ पासून पर्यावरण प्रदूषणावर इथे कडक तरतुदी आहेत, आणि कायदा बाजूला ठेवला तरी दुबईतल्या सांडपाण्यावर प्रक्रिया करून तेच पाणी रस्त्याकडेच्या झाडांना दिलं जातं. तेल जुन्या डब्यात भरून, झाकण घट्ट लावून ऑइल बदलणाऱ्या दुकानात किंवा पेट्रोल पंपाच्या सर्व्हिस बेमध्ये न्या. त्यांच्याकडे साठवायची टाकी असते, विचारलं तर बहुतेक जण घेतात. तेलाने भिजलेली फडकी बाल्कनीत बोळा करून ठेवू नका.

बेसमेंटमधला डाग काढायचा असेल तर त्यावर मांजरासाठी मिळणारी माती पसरा, बुटाने रगडा, रात्रभर ठेवून झाडून घ्या आणि मग डिग्रीझरने पुसा. दोनदा करावं लागतं.

काम झाल्यावर इंजिन दहा मिनिटं जागेवर चालवून टॉर्चने सगळी कड बघा. त्या दिवशी जवळपासच फिरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन सुरू करायच्या आधी, डिपस्टिक तपासा. जुन्या ओघळाचं उरलेलं तेल आठवडाभर एखाद-दुसरा थेंब टाकतं, त्याने घाबरू नका. पुठ्ठा मात्र तोवर गाडीखालून काढू नका, आणि तपासणीची वेळ घ्यायची ती पुठ्ठा सलग सात दिवस कोरडा राहिल्यावर.